उभ्याचं टेबल

६ जानेवारी, सोमवार

आजपासून कायमचं घरून. हडपसरचा मजला कंपनीने सोडला, मॉनिटर-कीबोर्ड प्रत्येकाच्या घरी पोचवले आणि तासाभराचं प्रवचन ठेवलं. त्यातल्या बाई म्हणाल्या, मनातलं कागदावर उतरवा, ताण कमी होतो. म्हणून अप्पा बळवंत चौकातून ही वही आणली. कोणी वाचली तर त्यालाच ताण देईन.

जागा छान जमली. घराच्या पुढची खोली म्हणजे अब्बांचं दुकान, ‘कासिम टेलर’. सहा वर्षं बंद आहे, अम्मी गेली तेव्हापासून. अब्बांच्या उजव्या हाताची बोटं कात्री धरून धरून आत वळलीत, आता बटणही नीट लागत नाही. पण कापड बेतायचं टेबल जागच्या जागी आहे. सागवानी, दहा फूट लांब, आणि पुढच्या कडेला मापासाठी ठोकलेली पितळी पट्टी. कंपनीने पाठवलेल्या चित्रातली टेबलं याच्यापुढे खेळण्यातली वाटतात.

खुर्ची बुटकी पडते एवढंच. तिच्यावर दोन गोधड्या आणि एक उशी टाकली. पाय शाळेतल्या पोरीसारखे लोंबतात.

अब्बा दारात उभं राहून बघत होते. म्हणाले, “हे टेबल उभ्याचं आहे, रुमाना. बसायचं नाही.”

म्हटलं, “अब्बा, मी आठ तास उभी राहू का?”

ते आत गेले. त्यांच्या जागेवर दुसरं कोणी बसलेलं त्यांना रुचत नाही, दुसरं काय.

८ जानेवारी, बुधवार

कंपनीचा फॉर्म आला. आपलं वर्कस्पेस सुरक्षित आणि आरोग्यदायी आहे काय. कोपर काटकोनात राहतो का? पाय जमिनीला टेकतात का? स्क्रीन डोळ्यांच्या पातळीत आहे का? खांदे सैल राहतात का? आठ प्रश्न, प्रत्येकापुढे दोन चौकोन. जागा नापास झाली तर खराडीच्या दुसऱ्या ऑफिसात रोज हजर व्हावं लागणार. अब्बांना दिवसभर एकटं ठेवून? एकदा दुधाखालचा गॅस तसाच ठेवून ते नमाजाला गेले होते. आठही ठिकाणी ‘होय’वर खूण करून पाठवून दिला. मोजत कोण बसतं.

शेवटी आणखी एक ओळ होती, ‘या जागेबद्दल आपल्याला काही भीती वाटते का?’ तिथे ‘नाही’.

१३ जानेवारी, सोमवार

डाव्या हाताच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. थंडी असेल.

१७ जानेवारी, शुक्रवार

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर, अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद वाचायचे आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला कोड लावायचा. तो चुकला की विमा अडतो. अकरा वर्षांत माझी चूक शंभरात दोनच्या वर गेलेली नाही. तलाक घेऊन माहेरी आले तेव्हा हातात फक्त ही नोकरी होती, आणि अब्बांच्या घरात मी पाहुणी म्हणून नाही, कमावती म्हणून राहिले ती हिच्यामुळे.

आज अपेक्षाचा फोन. माझी टीम लीड, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, पण पोरगी चांगली आहे.

“रुमाना मॅम, ऑल ओके ना? तुमच्या नऊ फाइल्स परत आल्यात. हात मोडलेल्या पेशंटला तुम्ही रक्ताचा आजार दिलाय. S च्या जागी D.”

S डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाने दाबतात. माझं ते बोट दाबतंय की नाही, हे मलाच कळत नाही.

“पुढच्या ऑडिटपर्यंत जरा बघा हं. दोन वेळा खाली गेलं तर वरून विचारतात,” ती म्हणाली.

संध्याकाळी चहाचा कप डाव्या हातातून सटकला. अब्बा समोरच होते. त्यांनी कपाकडे पाहिलं नाही, माझ्या खांद्याकडे पाहिलं. “तुझा कुर्ता डाव्या बाजूला ओढतोय,” म्हणाले. कप फुटलाय आणि हे माझं वजन काढतात.

२० जानेवारी, सोमवार

आता पायांनाही. दुपारी उठले तर दोन्ही पावलं माझी नव्हतीच. भिंत धरून उभी राहिले.

मी हे लिहायचं टाळत होते. माझ्या कामात G ने सुरू होणारे कोड मेंदूचे आणि नसांचे. त्यातला एक मी वर्षातून पंधरा-वीस वेळा लावते. त्या माणसांच्या फाइली मला पाठ आहेत. पहिल्या पानावर असतं, हातातून वस्तू पडतात. मग पाय. मग गिळता येत नाही. मग श्वास. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत साधारण तीन वर्षं. माझ्या फाइलचं पहिलं पान कपाचं आहे.

आणि अब्बांची बोटं? ती कात्रीनेच वळली असं आम्ही सगळे म्हणत आलो. कोणी तपासलं होतं? रक्तातलंच असलं तर?

डॉक्टरकडे जायची छाती होत नाही. कागदावर येईपर्यंत ते खरं नसतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत.

२१ जानेवारी, मंगळवार

दिवसभर डाव्या कोपरावर भार देऊन, डोकं हातात धरून बसले. काम कमी, भीती जास्त. कोपराला पितळेची लाल रेघ उमटली, ती जेवेपर्यंत गेली नाही.

अब्बा दोनदा म्हणाले, “उभ्याचं टेबल आहे ते.” दुसऱ्यांदा मी ओरडले. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसावर ओरडले.

२३ जानेवारी, गुरुवार

आज काहीतरी विचित्र झालं. जेवायला स्वयंपाकघरातल्या साध्या खुर्चीवर बसले होते. अब्बा टेप घेऊन आले, गुडघे टेकून खाली बसले, टेपचं टोक जमिनीला लावलं आणि आधी खुर्चीच्या बैठकीपर्यंत, पुढे माझ्या कोपरापर्यंत नेलं. मग डोळ्यांपर्यंत.

“हे काय चाललंय?”

“जेव तू. हलू नकोस.”

ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटत गेले. सहा वर्षांनी टेप बाहेर निघाला. विसरभोळेपणाचेही कोड आहेत, F पासून सुरू होतात. एका घरात एकावेळी किती आजार असू शकतात? आम्हा दोघांना कोण बघणार?

२५ जानेवारी, शनिवार

दाराला कडी लावून लिहितेय.

अब्बांची मापाची वही टेबलाच्या खणात होती. स्टेपलर शोधताना हाती लागली. ही वही पुढून एक आणि मागून एक अशी आहे. पुढून शर्ट-पँटची मापं. मागून कफन. कसब्यातल्या आमच्या गल्लीत कोणाकडे गमी झाली की कापड घेऊन माणूस अब्बांकडेच यायचा, आणि कफनाचे पैसे कासिम टेलरने आयुष्यात कधी घेतले नाहीत. उभे राहून, तोंडाने दुआ म्हणत, याच टेबलावर कापायचे. पुरुषाचे तीन कपडे, बाईचे पाच. शिलाई नाही. लहानपणी आम्हाला तेव्हा दुकानात यायची बंदी असे. शेवटचं नाव अम्मीचं होतं.

आता शेवटचं नाही. अम्मीच्या खाली माझं नाव आहे. रुमाना. पुढे तीन आकडे, १७, २६, ४४. तारखेची जागा रिकामी.

मी टेलरची मुलगी आहे, मला कळतं की सव्वीस इंचाचं कफन तान्ह्या बाळालाही पुरत नाही. मग सव्वीस कसले? पण अब्बांचं डोकं ठिकाणावर नसेल तर आकड्यांना काय विचारायचं. पान तर त्यांनी बरोबर निवडलंय. अम्मीच्या वेळीही असंच झालं होतं. डॉक्टर “बघू, बघू” म्हणत होते आणि अब्बा आठ दिवस आधीच कापड घेऊन आले होते. त्यांना दिसतं. त्यांना माणसाकडे बघून कळतं.

वही होती तशी ठेवली. संध्याकाळी त्यांनी विचारलं, “भाकरी का नाही खाल्लीस?” मला त्यांच्याकडे बघवेना.

२९ जानेवारी, बुधवार

अब्बा एकटे रविवार पेठेत जाऊन आले. सहा वर्षांत एकटे इतक्या लांब गेले नव्हते. परतले तेव्हा काखेत कागदात बांधलेलं पुडकं. कडेला कागद फाटला होता. आत पांढरं सुती कापड.

“काय आणलंत?”

“कापड.”

“कोणासाठी?”

“लागतं घरात.”

कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं, चावी बंडीच्या खिशात. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. एकेचाळीस वर्षं हे काही मरायचं वय नाही. हज राहिलाय. माझ्या बहिणीच्या, आबेदाच्या, धाकट्या पोरीची दहावी राहिलीय. मला अजून खूप ओरडायचंय लोकांवर.

धाडस करून डॉक्टरांचा नंबर लावला. नसांची तपासणी, पाच तारखेला.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी भाजी घेऊन येत होते. कोपऱ्यावर रामदास सुताराचं दुकान आहे, अब्बांचा चाळीस वर्षांचा दोस्त. दोघं पाठमोरे उभे होते.

रामदासकाका म्हणत होते, “कासिमभाई, अजून एकदा विचार करा. एकदा कापलं की जोडता येत नाही.”

“विचार झालाय,” अब्बा म्हणाले. “आधी माझं काम उरकतो. मग तू ये.”

“पोरीला सांगितलंत?”

“तिला सांगून ती ऐकते का?”

मला पाहताच रामदासकाकांनी उगाचच रंधा उचलला. या माणसाने कधी माझ्याशी टोमण्याशिवाय बोलणं केलेलं नाही, आज म्हणाले, “बरी आहेस ना, बाळ?”

घरी आल्यावर अब्बांनी सांगितलं, “आज आबेदाकडे जा. उद्या संध्याकाळी ये.”

“का?”

“बहीण आहे. भेटावं.”

मी आत्ता कोंढव्याला आबेदाच्या घरी बसून लिहितेय. रिक्षात पूर्णवेळ वाटत होतं की परत जाऊ नये. मी घरी नसले तर त्यांना जे काय करायचंय ते होणार नाही. आबेदाला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग माझा डावा हात हातात घेऊन बसली आणि हसायची थांबली.

३ फेब्रुवारी, सोमवार

काल संध्याकाळी परतले. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेले आणि क्षणभर वाटलं खोलीच चुकले.

टेबल बुटकं झालं होतं. चारही पाय खालून दहा-दहा इंच कापलेले. जमिनीवर भुसा, झाडून कोपऱ्यात लावलेला. पितळी पट्टी उपटून काढलेली, तिच्या खिळ्यांची भोकं पुट्टीने भरलेली, कड घासून गोल केलेली. खुर्चीवर ना गोधडी, ना उशी. पायांच्या तुकड्यांपैकी दोन आडवे ठेवून त्यांच्यावर मॉनिटर चढवला होता.

अब्बा स्टुलावर बसले होते. “बस,” म्हणाले.

बसले. पावलं जमिनीला टेकली. कोपर टेबलाला लागून, काटकोनात.

त्यांनी टेप काढला. “खुर्ची सतरा. कोपर सव्वीस. डोळे चव्वेचाळीस. बरोबर.”

आधी राग आला, खरं सांगते. मग म्हटलं, “तुम्ही वहीत... मागच्या बाजूला माझं नाव लिहिलंत.”

“पुढची पानं संपलीत. मग कुठे लिहू, भिंतीवर?”

“मला सांगायचं नाही का?”

“पाच वेळा सांगितलं. तू फॉर्म भरत होतीस.” मग माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “त्रेचाळीस वर्षं माणसांचे खांदे बघितलेत. हा अर्धा इंच वर गेलाय. माझी बोटं कात्रीने खाल्ली, तुझी हे टेबल खाणार होतं.”

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, एकेचाळीस वर्षांची बाई. टेबलाचं विचारलं तर म्हणाले, “लाकूड आहे.”

पण पाच तारीख अजून जायचीय. टेबल कापून नसा बऱ्या होत असत्या तर दवाखान्यांऐवजी सुतारांच्या रांगा लागल्या असत्या.

५ फेब्रुवारी, बुधवार

सुया टोचल्या, विजेचे झटके दिले. मी पूर्णवेळ डॉक्टरीणबाईंचा चेहरा वाचत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “डावा कोपर दिवसभर कशावर टेकता?”

पितळी पट्टीचं सांगितलं. लोंबत्या पायांचंही सांगितलं.

“कोपरातून जाणारी नस दाबली गेलीय. पायांचं म्हणाल तर, मांड्यांखाली खुर्ची रुतली की कोणाचेही पाय झोपतात. दोन-तीन महिने लागतील. टेबल बदला.”

“बदललंय,” मी म्हटलं, आणि मग मनातला तो आजार बोलून दाखवला. कोडसकट.

चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “कोड लावायचं काम तुम्ही तुमच्या पेशंटांपुरतं ठेवा.”

बाहेर येऊन रस्त्यावरच उसाचा रस प्यायले. दोन ग्लास. एक डाव्या हाताने.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अपेक्षाचा फोन आला, आठवड्याभरात एकच फाइल परत आलीय. करंगळी अजून बधिर आहे, पण शेजारच्या बोटाला आज कीबोर्डचा गारवा कळला. आनंदात होते. आनंदातच कपाट आवरायला काढलं. उद्या शबे-बरात, आपल्या माणसांच्या कबरींवर जायची रात्र, अब्बांचा पांढरा कुर्ता हवा होता. चावी त्यांनीच दिली.

वरच्या फळीवर ते पुडकं. टेबलाच्या गडबडीत मी त्याला पार विसरले होते. कागद सुटा होता. हात आपोआप गेला.

कापलेलं होतं. कपडे मोजले. एक, दोन, तीन. पुन्हा मोजले. तीनच.

बाईचे पाच असतात.

माझं नाही! असं मी मोठ्याने म्हटलं. हसलेसुद्धा. माझं नाही, माझं नाही. ते हसणं पुरतं संपलंही नव्हतं आणि मला कळलं की घरात दुसरं माणूस कोण आहे.

मोठी चादर उलगडून धरली. अब्बा पावणेसहा फूट. कडा वाकड्या-तिकड्या गेल्या होत्या, मध्येच थांबून पुन्हा सुरू केल्यासारख्या. कासिम टेलरचा काप असा कधीच नव्हता. त्या वळलेल्या बोटांनी एवढं कापायला त्यांना किती वेळ लागला असेल? त्या शनिवारचा अख्खा दिवस, बहुतेक. मला कोंढव्याला पाठवून.

घडी घालून ठेवलं आणि बाहेर आले. ते ओट्यापाशी चहा गाळत होते.

“अब्बा, ते वरचं...”

“पाहिलंस?” त्यांनी गाळणी झटकली. “रामदास करवत लावणार म्हटल्यावर शेवटचं काम आधी उरकलं. मला बसून कापता येत नाही.”

“तुम्हाला काही होतंय का? खरं सांगा. काही दुखतंय?”

“सत्त्याहत्तर होतंय.”

“टेबल नसतं कापलं तर चाललं असतं. मी दुसरं घेतलं असतं. मला काय माहीत की तुम्ही...”

“दुसरं कशाला? हे घरात होतं.” कप माझ्यापुढे सरकवला. “डाव्या हाताने धर. बघू.”

धरला. पडला नाही. त्यांनी मान हलवली आणि आपला कप घेऊन दुकानात गेले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अब्बा अम्मीच्या कबरीवर गेलेत, रामदासकाका बरोबर आहेत. मी कंपनीला लिहून जुना फॉर्म रद्द करवला आणि नवा मागवला. या वेळी अब्बांचा टेप घेऊन बसले आणि एकेक मोजूनच खूण केली. कोपर, होय. पाय, होय. स्क्रीन, होय. खांदे, अजून थोडा डावा वर आहे, म्हणून तिथे ‘नाही’.

मग ती शेवटची ओळ आली. या जागेबद्दल आपल्याला काही भीती वाटते का?

टेबलाची कड मऊ झालीय, कुठेही टोचत नाही. मॉनिटरखाली त्याच्याच पायांचे तुकडे आहेत. उरलेले दोन अब्बांनी दाराशी ठेवलेत, शटर वाऱ्याने आपटू नये म्हणून. ते अजून परतले नाहीत. दर पाच मिनिटांनी मी गल्लीकडे बघतेय.

‘होय’ लिहिलं. खाली कारण विचारलं होतं, ती जागा कोरीच सोडली.